20 ग्रॅमचे पत्र : पाहिलेले ठिकाण आणि वाचलेले पुस्तक मित्राला कसे कळवावे

काही वर्षांपूर्वी गगनबावड्याहून परतल्यावर मी एकच पत्र चौघा मित्रांना लिहिले. लिहिले म्हणण्यापेक्षा उतरवून काढले असे म्हणणे योग्य, कारण मायना तेवढा बदलला आणि बाकीचा मजकूर अक्षरशः तोच ठेवला. त्यातला धुक्याचा परिच्छेद आपल्याला फार साधला आहे, अशी माझी समजूत होती. पुढच्याच महिन्यात त्या चौघांपैकी दोघे एका लग्नाच्या पंगतीत शेजारी शेजारी बसले, पत्राचा विषय निघाला आणि दोघांनाही एकच धुके मिळाल्याचे उघडकीस आले. त्यांतल्या एकाचे उत्तर एका ओळीचे होते : ‘तुझे परिपत्रक मिळाले.’

त्या ओळीने मला जे शिकवले त्यावरच हा सगळा लेख उभा आहे. आपण पाहिलेल्या ठिकाणाबद्दल किंवा आवडलेल्या पुस्तकाबद्दल पत्रात काय लिहायचे आणि काय गाळायचे, हे ज्याला पत्र लिहायचे तो मित्र ठरवतो. हे एकदा पटले की पुढच्या बऱ्याच अडचणी आपोआप सुटतात. न पटल्यास कितीही सुंदर अक्षरात लिहिले तरी शेवटी परिपत्रकच निघते.

आधी नाव, मग मजकूर

कोऱ्या कागदाच्या डोक्यावर सर्वप्रथम मित्राचे नाव लिहावे आणि त्याखाली, पत्रात जाणार नाहीत अशा तीन ओळी पेन्सिलीने खरडाव्यात. सध्या त्याच्या डोक्यात काय चालले आहे, मागच्या पत्रात त्याने काय विचारले होते आणि या ठिकाणाविषयी किंवा पुस्तकाविषयी त्याला आधीपासून काय ठाऊक आहे, एवढेच त्या ओळींत असावे. या तीन ओळींना पाच मिनिटे लागतात. त्या सुचतच नसतील, तर त्या मित्राला आधी नुसते खुशालीचे पत्र लिहिणे बरे.

कोल्हापूरच्या माणसाला पन्हाळ्याचे उदाहरण सर्वांत सोयीचे. शहरापासून गड सुमारे 20 किलोमीटरवर असल्यामुळे पाहुणा आला की आपण त्याला तिकडे नेतो आणि वर्षातून दोन-तीनदा तरी आपले जाणे होते. माझा एक मित्र बांधकामातला आहे. त्याला मी अंबरखान्याविषयी लिहिले : गंगा, यमुना आणि सरस्वती या नावांची तीन प्रचंड धान्यकोठारे, त्यांच्या जाडजूड भिंती आणि आत शिरताच अंगाला लागणारा गारवा. दुसऱ्याला जुन्या कवितेचे वेड आहे. त्याला कोठारांत काडीचाही रस नाही. पण मोरोपंतांचा जन्म 1729 साली याच पन्हाळ्यावर झाला, हे वाचून त्याने मला उलटटपाली चार आर्या पाठवल्या. तिसऱ्या मित्राचा मुलगा नुकताच चौथीत गेला होता आणि इतिहासाच्या पुस्तकात गुंतला होता. त्या घरी 1660 च्या वेढ्याची हकीकत गेली. सिद्दी जौहरने गड आवळला असताना पावसाळी रात्री महाराज ज्या गडावरून बाहेर पडले, तिथला जुलैचा पाऊस प्रत्यक्षात कसा असतो, छत्री कशी उलटी होते आणि दहा पावलांपुढचा माणूस कसा दिसेनासा होतो, हे मी त्या मुलासाठी लिहिले. गड एकच होता, पण तीन पाकिटांत तीन निरनिराळे पन्हाळे गेले.

जागेवर घ्यायची टिपणे

पत्र घरी येऊन लिहायचे असले तरी त्याचा कच्चा माल जागेवरच गोळा करावा लागतो. आता सगळेजण भ्रमणध्वनीवर छायाचित्रे घेतात, मीही घेतो. परंतु छायाचित्रात वास येत नाही, तापलेली फरशी पायाला लागत नाही आणि शेजारी उभ्या असलेल्या म्हातारीचे बोलणे ऐकू येत नाही. त्यासाठी खिशात मावेल एवढी वही आणि पेन्सिल ठेवावी. पेन्सिलच का, याचे उत्तर आषाढात गगनबावड्याला शाईचे पेन घेऊन गेलेला कोणीही देईल.

वहीत मोठी वाक्ये लिहू नयेत. किती वाजले होते, कसला वास होता, आपण स्वतः मोजलेला एखादा आकडा, कानावर पडलेले एखादे वाक्य जसेच्या तसे आणि काय फसले, एवढे टिपले तरी पत्रापुरते पुष्कळ होते. यांपैकी शेवटची नोंद कधीही चुकवू नये. बस चुकणे, चप्पल तुटणे, देवळाचा दरवाजा बंद असणे, या गोष्टी त्या दिवशी त्रासाच्या वाटतात. पण मित्र पत्रात सर्वांत आधी त्याच वाचतो.

गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावरचे माझ्या वहीतले एक टिपण येथे देतो. ‘संध्या. 7. म्हशीचा, शेणाचा, गरम दुधाचा वास एकत्र. धार भांड्यात पडताना आधी टणटण, मग भरू लागले तशी घुसघुस. पेल्यात निम्मा फेस. शेजारचा पैलवान पोरगा दुसरा पेला मागतो. मालक : “आधी त्यो संपीव की!” माझ्या मिशीला फेस, रुमाल विसरलो.’ टिपण एवढेच आहे. यातून पुढे एक पानभर पत्र झाले, आणि त्यातले सर्वांत चांगले वाक्य मालकाचे होते. कोल्हापूरकडचे बोलणे पत्रात आणायचे तर असे अवतरणात, बोलणाऱ्याच्या तोंडी आणावे. आपला सगळा मजकूर ‘लई भारी’च्या सुरात लिहिला की दुसऱ्या परिच्छेदापासून वाचणाऱ्याला तो नाटकी वाटू लागतो.

आकडा स्वतः मोजावा असे म्हटले, त्यामागेही अनुभव आहे. खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिराच्या स्वर्गमंडपात 48 खांब आहेत असे सगळीकडे वाचायला मिळते. मी मोजायला गेलो तेव्हा पहिल्यांदा 46 भरले, दुसऱ्यांदा 47, आणि तिसऱ्या खेपेस एका शाळकरी मुलीला बरोबर घेतल्यावर 48 जुळले. नुसता ‘48 खांब’ हा आकडा मित्र विसरून गेला असता. माझी तीनदा झालेली मोजणी त्याला अजून आठवते आणि त्यामुळे 48 ही आठवतात.

ऐकीव काय, खात्रीचे काय

मित्राला लिहायचे म्हणून काहीही ठोकून देऊ नये. पत्र जपून ठेवले जाते, घरातली मुले ते वाचतात आणि आपण उत्साहाच्या भरात लिहिलेली चूक पुढे दोन पिढ्या खरी मानली जाते. यासाठी वहीत मी एक साधी खूण करतो : जे शिलालेखात, फलकावर किंवा विश्वासू ग्रंथात आढळले त्यापुढे बरोबरची खूण, आणि वाटाड्याने किंवा पुजाऱ्याने सांगितले त्यापुढे ‘सां.’ हे अक्षर. पत्रात उतरवताना पहिल्या प्रकाराला ‘आहे’ आणि दुसऱ्याला ‘सांगतात’ हे क्रियापद मिळते.

खिद्रापूरलाच हे दोन्ही प्रकार सापडतात. हे मंदिर शिलाहारांच्या काळातले, बाराव्या शतकातले मानले जाते आणि तेथे यादव राजा सिंघण याचा शके 1136 चा, म्हणजे 1213-14 च्या सुमाराचा शिलालेख आहे. ही खात्रीची बाजू झाली. महादेवाचे मंदिर असूनही येथे समोर नंदी नाही, हे कोणीही डोळ्यांनी पाहू शकतो. तो नंदी सतीबरोबर गेला आणि कृष्णेपलीकडच्या कर्नाटकातील यडूर येथे बसला, ही झाली सांगण्यातली गोष्ट. दोन्ही लिहाव्यात. आख्यायिका गाळून नुसते शक लिहिले तर पत्र गॅझेटियरसारखे होते, आणि शक गाळून नुसती आख्यायिका लिहिली तर आपण गाभाऱ्यापर्यंत गेलो होतो की नाही, असा संशय वाचणाऱ्याला येतो.

तारखांच्या बाबतीत तर अधिकच काळजी घ्यावी. अंबाबाईच्या देवळातल्या किरणोत्सवाविषयी वाचून मित्र सुटी टाकून येण्याची शक्यता असते. तेव्हा ‘हिवाळ्यात कधीतरी’ असे न लिहिता 9, 10, 11 नोव्हेंबर आणि 31 जानेवारी, 1, 2 फेब्रुवारी असे स्पष्ट लिहावे. मावळतीची किरणे पहिल्या दिवशी चरणांपर्यंत, दुसऱ्या दिवशी कमरेच्या-छातीच्या उंचीपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत पोचतात, असा त्याचा क्रम आहे. त्याच ओळीत हेही सांगून टाकावे की ढग आड आले किंवा वाटेत अडथळा असला तर किरणे अर्ध्यावरच थांबतात. मित्र रिकाम्या हाताने परतला तरी निदान आपल्यावर रागावणार नाही.

ठिकाणाचे पत्र : एक मसुदा दोनदा लिहून

आता प्रत्यक्ष लेखन. खिद्रापूरहून आल्यावर त्याच रात्री मी लिहिलेला पहिला मसुदा असा होता :

‘गेल्या रविवारी आम्ही सहकुटुंब खिद्रापूरला गेलो होतो. सकाळी सात वाजता निघालो. वाटेत नाश्ता केला. नंतर नृसिंहवाडीला दर्शन घेतले. खिद्रापूरचे मंदिर अतिशय सुंदर आणि अप्रतिम आहे. कोरीवकाम पाहून डोळ्यांचे पारणे फिटते. परिसर निसर्गरम्य आहे. एकदा अवश्य पाहावे असे हे ठिकाण आहे.’

यात खोटे काहीच नाही. मात्र यातले ‘खिद्रापूर’ काढून ‘वेरूळ’ घातले तरी एकही शब्द बदलावा लागत नाही, आणि कच्चा मसुदा तपासण्याची हीच माझी कसोटी आहे. नाव बदलून जो मजकूर तसाच टिकतो, तो त्या ठिकाणाचा नसतो. दोन दिवसांनी वही समोर ठेवून लिहिलेला दुसरा मसुदा असा :

‘मे महिन्यात दुपारी साडेबाराला दगडी देवळात जाऊ नये, हे मला शहाण्यांनी सांगितले होते. चपला बाहेर काढल्या आणि मंडपापर्यंत अक्षरशः उड्या मारत गेलो. आत मात्र गारवा. पुढच्या मंडपाला मधोमध छतच नाही. पडलेले नव्हे, मुद्दाम ठेवलेले मोठे, गोल, मोकळे आभाळ आहे. त्याच्या बरोबर खाली जमिनीवर तशीच गोल शिळा. ऊन वरून सरळ उतरून त्या शिळेवर झाकणासारखे बसले होते. मी खांबाला टेकून पाहत राहिलो, आणि अर्ध्या तासात ते झाकण वीतभर सरकले. तुमच्या मळ्यातल्या कोरड्या विहिरीत उतरून आपण आकाश पाहायचो, ते आठवले. फरक एवढाच की तिथे तुझे वडील वरून ओरडत होते.’

दुसऱ्या मसुद्यात ‘सुंदर’ हा शब्द एकदाही नाही, हे ओघात झालेले नाही. मी तो तीन ठिकाणी खोडला आहे. निघाल्याची वेळ, नाश्ता आणि सहकुटुंब हेही गळले, कारण विहिरीवर जीव असलेल्या त्या मित्राला त्यांचा उपयोग नव्हता. उरली ती एकच गोष्ट, वरचे वर्तुळ आणि खालचे वर्तुळ, आणि तिला जोडलेली आम्हा दोघांचीच अशी एक आठवण. एका पत्रात एका ठिकाणची एकच गोष्ट जवळून दाखवावी. खिद्रापुरात हत्तींचा थर आहे, बाहेरच्या भिंतींवर मूर्तींची रांग आहे, गाभाऱ्यात कोपेश्वर आणि धोपेश्वर अशी दोन लिंगे आहेत; त्यांच्यासाठी पुढची पत्रे आहेत.

सुरुवात कोठून करावी, याबद्दल अनेकजण अडखळतात. सकाळी उठल्यापासून सुरू केले की देवळापर्यंत पोचेतो पान संपते आणि हातही दुखू लागतो. म्हणून वहीतली जी नोंद आपल्याला सर्वांत जास्त टोचते तिच्यापासून आरंभ करावा. माझ्या बाबतीत ती तापलेली फरशी होती. कसे जायचे, किती अंतर, कोठे थांबायचे हे शेवटच्या चार ओळींत एकत्र द्यावे. ‘कोल्हापूरपासून साधारण 60 किलोमीटर, शिरोळ तालुका, कृष्णाकाठ, वाडीच्या दर्शनाला जोडून एका दिवसात होते, जाडसर मोजे बरोबर ठेव’ एवढे पुरते.

पुस्तकाचे पत्र

पुस्तकाविषयी लिहिणे मला नेहमीच जास्त अवघड वाटत आले आहे. ठिकाण मित्राने पाहिलेले नसते, त्यामुळे काहीही सांगितले तरी त्याला नवे असते. पुस्तक मात्र त्याने कदाचित वाचलेले असते, किंवा आपल्या पत्रानंतर तो ते वाचणार असतो. पहिल्या स्थितीत कथानक सांगणे हा त्याचा वेळ खाणे असते, आणि दुसऱ्या स्थितीत त्याचा आनंद. म्हणून कथानकाला दोन वाक्यांपेक्षा अधिक जागा कधीही देऊ नये, आणि शेवट तर मित्राने हात जोडून विचारला तरी सांगू नये.

पत्र केव्हा लिहावे, याचे उत्तर वाचनालय देते. पुस्तक परत करण्याच्या तारखेच्या आदल्या संध्याकाळी लिहावे. कोल्हापुरात 1850 साली स्थापन झालेल्या करवीर नगर वाचन मंदिरासारखी जुनी ग्रंथालये आहेत, आणि त्यांचे सभासद असल्याचा हा फायदा मी वर्षानुवर्षे घेत आलो आहे. पुस्तक विकत घेतले की ‘लिहू सावकाश’ म्हणून आपण ते कपाटात ठेवतो. परत करायचे असले की उतारा आजच उतरवावा लागतो, पान आजच पाहावे लागते. वाचताना खुणेसाठी मात्र कागदाच्या पट्ट्या घालाव्यात. ग्रंथालयाच्या पुस्तकात पेन्सिलीने रेघा मारणाऱ्यांविषयी माझे मत येथे छापण्यासारखे नाही.

पट्ट्या कितीही घातल्या तरी लिहायला बसताना त्यांतली एकच ठेवावी. उदाहरणासाठी विष्णुभट गोडसे यांचे ‘माझा प्रवास’ घेऊ. वरसईचा हा गरीब भिक्षुक दक्षिणा मिळण्याच्या आशेने उत्तरेकडे निघाला आणि 1857 च्या धामधुमीत सापडला, झाशीच्या वेढ्यात अडकला, आणि त्याचे हे लेखन पुढे 1907 साली छापून आले. या पुस्तकाविषयी मित्राला लिहायचे तर झाशीची लढाई, राणीचे दर्शन, लूट हे सगळे डोळ्यांपुढे येते आणि प्रत्येकजण तेच लिहितो. माझ्या पट्टीत मात्र दुसरेच पान राहिले होते. पत्रातला भाग असा :

‘मिळवायला गेलेला माणूस लुटला जाऊन परत येतो, पण आईवडिलांसाठी गंगेची कावड मात्र घेऊन येतो. लढाईची पाने मी भराभर वाचली. या कावडीपाशी अडकलो. एवढ्या वाटेत, एवढ्या दंग्यात पाणी सांडू न देता आणायचे म्हणजे काय, याचा तू विचार केला आहेस का? मी परवा रंकाळ्याच्या बाजूने घरापर्यंत दोन कळशा आणल्या, नळाला पाणी नव्हते म्हणून, आणि दारात पोचेतो निम्म्या झाल्या होत्या. तू गावाकडे कावड वाहिलेली आहेस. खांदा आधी दुखतो की कंबर?’

यात पुस्तकाचे परीक्षण नाही, पण लिहिणाऱ्याला त्यातले काय लागले ते कळते, आणि शेवटी मित्रालाच उत्तर देता येईल असा प्रश्न आहे. ‘तुला हे पुस्तक कसे वाटले?’ हा प्रश्न नव्हे, ती परीक्षा आहे. तिचे उत्तर ‘छान’ एवढेच येते. खांदा की कंबर, याचे मला अडीच पाने उत्तर आले.

आवडलेल्या पुस्तकातही न पटलेली एखादी जागा असतेच आणि ती मोकळेपणाने लिहावी. लेखक एखाद्या प्रकरणात उगाच रेंगाळला, एखाद्या पात्रावर अन्याय झाला, शेवट घाईत उरकला, असे काही लिहिले की आपल्या स्तुतीचे वजन वाढते आणि मित्राला भांडायला जागा मिळते. उतारा द्यायचा असल्यास तीन ओळींपेक्षा मोठा देऊ नये, तो पुस्तक समोर ठेवून शब्दशः उतरवावा आणि पृष्ठक्रमांक व आवृत्ती लिहावी. आठवणीतून लिहिलेला उतारा बहुधा आपल्याला हवा तसा झालेला असतो.

ठिकाण आणि पुस्तक एकाच पत्रात आणावे का? दोन्हींची गाठ खरोखर पडत असेल तरच आणावे. राजर्षी शाहू महाराजांचे चरित्र वाचून मी पावसाळ्यात राधानगरीला गेलो होतो. भोगावतीवरचे हे धरण महाराजांनी हाती घेतलेले. पाणी ठरावीक पातळीला चढले की त्याचे सात स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात. छापील पानावर वाचलेला निर्णय आणि कानठळ्या बसवणारे ते पाणी यांना एकत्र आणायला मला वेगळी खटपट करावी लागली नाही. एरवी ‘प्रवासात हेही पुस्तक वाचले’ असे शेपूट जोडू नये.

मायना, भाषा आणि शेवट

मायन्याबद्दल नव्या लिहिणाऱ्यांना उगाच भीती वाटते. उजव्या कोपऱ्यात गाव आणि तारीख, त्याखाली ‘प्रिय मित्र … यास’ आणि ‘स. न. वि. वि.’, म्हणजे सप्रेम नमस्कार विनंती विशेष, एवढे पुरेसे आहे. वयाने मोठ्या स्नेह्याला ‘सा. न. वि. वि.’ म्हणजे साष्टांग नमस्कार लिहावा. वडीलकीच्या माणसाला ‘ती. स्व.’ लिहितात, ते तीर्थस्वरूपाचे संक्षिप्त रूप असून नुसते ‘ती.’ म्हणजे तीर्थरूप, हे आईवडिलांसाठी आहे. जिवलग मित्राला हे काहीच न लिहिता ‘अरे,’ एवढ्यावर सुरुवात केली तरी आभाळ कोसळत नाही. मी तसेच करतो. मात्र पत्र त्याच्या घरात सगळे वाचतात हे लक्षात ठेवून ‘ती. स्व. आईंना सा. नमस्कार, वहिनींना नमस्कार, चिमुकल्यांना आशीर्वाद’ ही ओळ शेवटी असू द्यावी. ती गाळल्याचे मित्राच्या नसले तरी त्याच्या आईच्या लक्षात येते.

भाषेविषयी एकच सांगतो. बोलताना आपण ज्या वाक्याला थांबून ‘म्हणजे असं बघ’ म्हणतो, त्या जागी पत्रात नवा परिच्छेद करावा. ‘मंत्रमुग्ध’, ‘अविस्मरणीय’, ‘शब्दांत सांगता येणार नाही’ हे शब्द आले की पेन खाली ठेवून वही उघडावी. शब्दांत सांगता येणार नसेल तर पाच रुपयांचे पाकीट कशाला खर्च करायचे?

कागद, वजन आणि पोस्ट

पोस्टकार्ड 50 पैशांना, आंतर्देशीय पत्र अडीच रुपयांना आणि 20 ग्रॅमपर्यंतचे साधे पाकीट 5 रुपयांना जाते; त्यापुढे प्रत्येक 20 ग्रॅमला आणखी 5 रुपये लागतात. नेहमीच्या 80 जीएसएमच्या ए-फोर कागदाचे वजन जवळजवळ 5 ग्रॅम भरते, म्हणजे तीन कागद आणि हलके पाकीट एवढे साधारणपणे एका तिकिटात बसते. मी ही मर्यादा मुद्दाम पाळतो. तीन कागद पाठपोट लिहिले की सहा पाने होतात, आणि सहा पानांत न मावणारे सहसा दुसऱ्या मित्राचे असते. छायाचित्र, वाळलेले पान किंवा देवळाच्या आवारातले पीस घालायचे झाल्यास मात्र वजन करूनच तिकीट लावावे. तिकीट कमी पडले तर जादा पैसे मित्राला भरावे लागतात, आणि आपल्या स्वर्गमंडपाविषयीचे त्याचे मत त्याच क्षणी कलुषित होते.

पोस्टकार्ड उघडे असते, त्यामुळे ते पोस्टमनपासून शेजारणीपर्यंत सर्वजण वाचतात, असे धरूनच लिहावे. ‘पुस्तक मिळाले, 40 पानांवर आहे, भांडायला सुरुवात करतो’ अशा मजकुराला ते उत्तम. आंतर्देशीय पत्रात आत दुसरे काहीही घालता येत नाही. शिवाय त्याच्या डिंकाच्या कडांपासून बोटभर जागा कोरी सोडावी. माझ्या एका पत्रातले ज्योतिबाच्या सासनकाठ्यांचे सगळे वर्णन उघडताना फाटलेल्या कडेबरोबर गेले आणि मित्राला फक्त गुलाल मिळाला.

पत्ता बॉलपेनने लिहावा. शाई आणि कोल्हापूरचा पावसाळा यांचे जमत नाही. पिनकोड 1972 पासून आहे आणि त्याचे सहाही अंक लागतात : पहिल्या तिघांवरून पत्र कोणत्या विभागाकडे वळवायचे ते ठरते, शेवटच्या तिघांवरून नेमके टपाल कार्यालय. आपल्याकडचा 416 हा आरंभ सांगली आणि सिंधुदुर्गातही आढळतो, म्हणून ‘तीन अंक बरोबर आहेत, पोचेल’ अशा समजुतीत राहू नये. पाकिटामागे स्वतःचा पत्ता पिनकोडसह लिहावा. त्याशिवाय न पोचलेले पत्र परत येण्याची खात्री नसते.

पत्राबरोबर पुस्तकच पाठवावेसे वाटले तर टपाल खात्याने 2025 मध्ये सुरू केलेली ज्ञान पोस्ट ही सेवा पुस्तकांसाठीच आहे. 5 किलोपर्यंतचे पार्सल तिने जाते. पुस्तक तिच्यातून आणि पत्र वेगळ्या पाकिटातून, तेही दोन दिवस आधी पाठवावे, म्हणजे मित्र आधी आपले म्हणणे वाचतो आणि मग पुस्तक उघडतो. ‘वाचून परत कर’ असे लिहायचे असेल तर ते पत्रात ठळक लिहावे. माझी चार पुस्तके महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांत आहेत, आणि दोष माझ्याच संकोचाचा आहे.

टाकण्यापूर्वी आणि टाकल्यानंतर

पाकीट चिकटवण्याआधी पत्र मोठ्याने वाचावे, शक्यतो घरात कोणी नसताना. जीभ जेथे अडखळेल तेथले वाक्य लांबले आहे किंवा आपल्याला न पटलेले आहे. खोडलेले शब्द तसेच राहू द्यावेत. नीटनेटक्या प्रतीसाठी सगळे पुन्हा उतरवत बसल्यास पत्र पुढच्या आठवड्यावर जाते आणि पुढच्या आठवड्याचे कधीच जात नाही. जे नंतर आठवले ते ‘ता. क.’ म्हणून खाली घालावे. ताज्या कलमाला मित्र सर्वांत जास्त भाव देतो, त्यामुळे विसरलेला रुमाल किंवा तुटलेली चप्पल त्यासाठी राखून ठेवली तरी हरकत नाही.

पत्राचे छायाचित्र काढून ठेवावे. त्याशिवाय एका वहीत तारीख, कोणाला आणि कशाविषयी, अशी एका ओळीची नोंद करावी. गगनबावड्याच्या प्रकरणानंतर मी ही नोंद सुरू केली. एकच धुके दोघांना जाऊ नये म्हणून.

उत्तर येण्यास तीन आठवडे सहज लागतात; पत्र पोचायला काही दिवस, ते वाचायला एक संध्याकाळ आणि उत्तर लिहिण्याचा आळस जाण्यास बाकीचा काळ. तोवर फोन करून ‘पत्र मिळाले का?’ असे विचारू नये, कारण मग सगळे फोनवरच बोलून होते. उत्तर आल्यावर आधी त्यातल्या प्रश्नांवर पेन्सिलीने आकडे घालावेत आणि पुढच्या पत्रात नवे ठिकाण किंवा नवे पुस्तक काढण्यापूर्वी त्या प्रश्नांना उत्तरे द्यावीत. कावडीचे उत्तर देणाऱ्या माझ्या मित्राने शेवटी विचारले आहे की खिद्रापूरच्या त्या गोल शिळेवर पावसाळ्यात पाणी साठते का. मला माहीत नाही. श्रावणात जाऊन पाहायचे आहे, त्यामुळे त्याचे पत्र अजून टेबलावरच आहे.